फ्रीझर कंपनीचा, वीजबिल दुकानदाराचं



कुठल्याही बाजारपेठेच्या गावातल्या किराणा दुकानात डोकावा. पोत्यांच्या आणि डब्यांच्या गर्दीत, बहुधा दाराशीच, आईस्क्रीमचा फ्रीझर घरघरत उभा असतो. त्यावर नाव कंपनीचं, बऱ्याचदा मालकीही कंपनीचीच. वीजबिल मात्र दुकानदाराचं. त्या विजेसाठी कुठल्याशा औष्णिक केंद्रात जळलेला कोळसा मग कुणाच्या खात्यावर मांडायचा? कंपनी म्हणेल, वीज आमच्या कारखान्यात जळली नाही. दुकानदार म्हणेल, फ्रीझर माझा नाही.

कार्बनच्या हिशेबाचे जगभर तीन भाग करतात : स्वतः जाळलेलं इंधन, विकत घेतलेली वीज आणि कच्च्या मालापासून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंतचं उरलेलं सगळं. रोजच्या वापराच्या वस्तू बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा असतो तो हा तिसराच भाग. तो उत्पादक आणि विक्रेता यांच्या मधल्या जागेत पडून राहतो, कारण खर्च एकाला येतो आणि फायदा दुसऱ्याला होतो. यंदाच्या अंकातला विशेष विभाग आम्ही या मधल्या जागेला दिला आहे.

फ्रीझरचंच पाहा. युनिलिव्हरच्या हिशेबानुसार तिच्या एकूण उत्सर्जनातला सुमारे 10 टक्के वाटा दुकानांतल्या आईस्क्रीमच्या फ्रीझरचा होता. 2022 मध्ये तिने जर्मनीत फ्रीझरचं तापमान उणे 18 वरून उणे 12 अंशांवर आणण्याची चाचणी जाहीर केली. वीज 20 ते 30 टक्के वाचेल असा अंदाज होता. पण नुसतं बटण फिरवून भागत नाही. जुन्या पाककृतीचं आईस्क्रीम त्या तापमानाला मऊ पडतं, म्हणून पाककृतीच बदलावी लागते. पुढच्या वर्षी कंपनीने अशा बदलांची 12 पेटंटं इतर उत्पादकांना मोफत खुली केली. एकाच फ्रीझरमध्ये चार कंपन्यांचा माल असेल, तर एकट्या शहाण्याचा उपयोग नसतो.

याच्या उलट, विक्रेत्याने पुढाकार घेतल्याचं उदाहरण वॉलमार्टचं. द्रवरूप डिटर्जंटच्या मोठ्या बाटल्यांतून कंपन्या मुख्यतः पाणीच ट्रकने फिरवत होत्या. बाटली लहान करावी, तर फळीवरची जागा जाणार आणि गिऱ्हाईक म्हणणार, माल कमी दिला. 2007 मध्ये वॉलमार्टने जाहीर केलं, की मे 2008 पासून आपल्या अमेरिकी दुकानांत फक्त दाट द्रावण मिळेल. सगळ्यांवर एकदमच बंधन आल्याने पहिलं पाऊल टाकण्याची भीती संपली. प्लास्टिक, पुठ्ठा आणि डिझेल, तिन्हींची बचत झाली.

एकट्याने निघालं की काय होतं, हे ब्रिटनच्या टेस्कोने दाखवलं. 2007 मध्ये तिने आपल्या 70,000 उत्पादनांवर कार्बनचा आकडा छापायचं ठरवलं. एकेका वस्तूच्या हिशेबाला महिने लागू लागले, इतर दुकानदार मागे आले नाहीत आणि 2012 मध्ये बेत सोडून द्यावा लागला.

आपल्याकडे शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने 2022-23 पासून शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या 1000 मोठ्या कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला आहे. या अहवालासाठी आज कंपनीकडे आलेली प्रश्नावली उद्या भोसरीच्या वर्कशॉपपर्यंत आणि इचलकरंजीच्या यंत्रमागापर्यंत पोचणारच. आमचा आक्षेप इथे आहे. प्रश्नावली पाठवणं म्हणजे सहकार्य नव्हे. ते आपलंच घोडं पुढे दामटणं झालं. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करा, असं 2006 चा कायदा सांगतो. ते वेळेवर न देणाऱ्याने पुरवठादाराला 'सोलर कधी बसवणार?' असं विचारू नये. वॉलमार्टने 2019 मध्ये एचएसबीसी बँकेला सोबत घेऊन, चांगली कामगिरी करणाऱ्या पुरवठादारांना कमी व्याजाने पैसे मिळतील अशी सोय केली. हे खरं सहकार्य, कारण त्यात पैसा सुटतो.

काही सुधारणांना तर पैसाही लागत नाही. महिनाअखेरीचं टार्गेट गाठायला कंपन्या शेवटच्या आठवड्यात वितरकाच्या गळ्यात माल घालतात. भिवंडीच्या गोदामांसमोर तेव्हा ट्रकांची रांग लागते आणि पहिल्या पंधरवड्यात तेच ट्रक अर्धे रिकामे धावतात. दुकानाची खरी विक्री उत्पादकाला रोज कळली आणि टार्गेट महिनाभर विभागलं, तर तेवढाच माल कमी फेऱ्यांत जाईल.

हा उपदेश करताना आमचं घर काचेचं आहे, याची जाणीव आहे. 1909 च्या 'मनोरंजन' मासिकापासून दिवाळी अंकांची परंपरा थोर, पण परतीचे गठ्ठे ही तिची दुसरी बाजू. कागद, छपाई, जातानाचं भाडं, येतानाचं भाडं आणि शेवटी रद्दी. म्हणून पुढील वर्षासाठी आमचा प्रस्ताव असा : जे विक्रेते दसऱ्यापूर्वी पक्की मागणी नोंदवतील आणि अंक परत करणार नाहीत, त्यांना जादा कमिशन मिळेल. वाचलेल्या छपाईतून ते भागेल.

वाचकांनीही एवढं करावं : आपली प्रत विक्रेत्याकडे आधीच सांगून ठेवावी आणि वाचून झालेला अंक रद्दीत न घालता गावच्या वाचनालयाला द्यावा.



– संपादक