सरकारचे सावकार कोण?

सरकारी कर्जरोखे हा बँका, दलाल आणि बडे भांडवलदार यांचा विषय आहे, अशी समजूत परिवर्तनवादी कार्यकर्त्यांत रूढ आहे. १९९२ च्या रोखे घोटाळ्याने ती अधिकच पक्की केली; ‘रोखे’ हा शब्द अनेक मराठी घरांत प्रथम पोहोचला तोच हर्षद मेहता या नावाला चिकटून. परिणाम असा झाला की, सरकार कोणाकडून कर्ज काढते, कशासाठी काढते आणि ते कोणाच्या खिशातून फेडते, या तीन प्रश्नांकडे चळवळीने पुरेसे लक्ष दिले नाही. सिंधुदुर्गातील कार्यकर्त्याला तरी ही उदासीनता परवडणारी नाही. त्याच्या जिल्ह्यातून धावणारी रेल्वेच मुळी रोख्यांच्या पैशावर उभी राहिलेली आहे.

रोखा म्हणजे काय, हे मालवणच्या किनाऱ्यावर समजावून सांगणे अवघड नाही. रापणीत ज्याचा वाटा असतो त्याला जाळ्यात सापडेल त्या प्रमाणात मिळते. मासळी भरपूर आली तर वाटा मोठा, जाळे रिकामे आले तर वाटाही रिकामा. हा झाला भागधारक. पण जाळ्यासाठी ज्याने पैसे कर्जाऊ दिले, त्याला मासळी किती आली याच्याशी कर्तव्य नसते. त्याला ठरलेले व्याज ठरलेल्या दिवशी हवे असते आणि मुदत संपली की मुद्दल हवे असते. हा झाला धनको. सरकारी रोखा विकत घेणारा मनुष्य या दुसऱ्या प्रकारात मोडतो. तो सरकारचा भागीदार नसून सावकार असतो.

या कर्जाचे मुख्य प्रकार दोन. थोड्या दिवसांची नड भागविण्यासाठी केंद्र सरकार ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या कोषागार हुंड्या, म्हणजे ट्रेझरी बिले काढते. त्यांवर वेगळे व्याज दिले जात नाही. शंभर रुपयांची हुंडी शंभरापेक्षा कमी किमतीला विकली जाते आणि मुदतीअखेर पूर्ण शंभर रुपये परत मिळतात. मधला फरक हेच व्याज. दीर्घ मुदतीसाठी दिनांकित कर्जरोखे असतात. त्यांची मुदत काही वर्षांपासून पन्नास वर्षांपर्यंत असू शकते आणि त्यांवर सामान्यतः दर सहा महिन्यांनी व्याज मिळते. राज्य सरकारेही असेच रोखे काढतात. या सर्वांचा लिलाव रिझर्व्ह बँक करते. रोख्याची मालकी आता कागदावर राहिलेली नसून तिच्या संगणकीय नोंदीत असते.

नवख्या माणसाला एक गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटते : व्याजाचे दर वाढले की जुन्या रोख्यांचा भाव उतरतो. कारण सोपे आहे. सात टक्क्यांचा रोखा एखाद्याजवळ असताना नवे रोखे आठ टक्क्यांनी निघू लागले, तर त्याचा रोखा पूर्ण किमतीला कोणी घेणार नाही. मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला मुद्दल पूर्ण मिळते. मध्येच विकणाऱ्याला मात्र तोटा सोसावा लागतो. शिवाय महागाई वाढली तर ठराविक व्याजाचे मोल घटते. सरकार पैसे बुडवीत नाही, पण रुपयाची किंमत कायम राखण्याची हमी रोखा देत नाही.

हे धनको आहेत कोण? श्रीमंत आहेतच; पण त्यांच्यामागे सामान्य माणसांची फार मोठी रांग उभी आहे. बँकांना आपल्या ठेवींचा ठराविक भाग प्रामुख्याने सरकारी रोख्यांत गुंतवावाच लागतो. १९९० मध्ये हे प्रमाण ३८.५ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते आणि २०२० पासून ते १८ टक्के आहे. आयुर्विमा महामंडळ रोखे घेते. भविष्यनिर्वाह निधीचा मोठा भाग त्यांत जातो. टपाल कार्यालयातील अल्पबचतही अखेर सरकारच्या तिजोरीतच पोहोचते. विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय १९५६ मध्ये ज्या चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्री म्हणून घोषित केला, ते रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे. त्या निर्णयाने आणि १९ जुलै १९६९ च्या चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाने देशाची बचत सार्वजनिक कामाकडे वळविण्याचा मार्ग मोकळा केला. गिरणगावातून मनीऑर्डरीने आलेल्या पैशांतून ज्या माउलीने पोस्टात चार पैसे साठविले, ती न कळत भारत सरकारची सावकार झाली होती. फरक इतकाच की, गावचा सावकार कर्जदाराला जाब विचारतो. तिला जाब विचारण्याची कधी संधीच मिळाली नाही.

कोकण रेल्वेचा इतिहास या दृष्टीने वाचला पाहिजे. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्राध्यापक मधु दंडवते यांनी राजापूर मतदारसंघातून ही मागणी लोकसभेत लावून धरली. अनेक वर्षे उत्तर एकच होते : पैसा नाही. १९८९ च्या अखेरीस विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या मंत्रिमंडळात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, तेव्हा या उत्तरावर तोडगा निघाला. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. खर्चाचा मोठा भाग करमुक्त रोख्यांतून उभारावयाचा, असे ठरले. अवघड डोंगर, नद्या आणि खाड्या ओलांडून ७४१ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला आणि २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. सरकारी अंदाजपत्रकातील तुटपुंज्या तरतुदींची वाट पाहत बसले असते, तर एवढ्या वेळात हे काम होणे शक्य नव्हते. सार्वजनिक कर्जाची ताकद यापेक्षा स्पष्ट कोठे दिसणार?

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. हे रोखे भारत सरकारचे नव्हते, महामंडळाचे होते. सरकारी रोख्यामागे राज्यसंस्थेची कर बसविण्याची शक्ती उभी असते. महामंडळाच्या रोख्यामागे प्रथम त्याची स्वतःची कमाई असते. साहजिकच व्याजाचा बोजा मार्गाच्या उत्पन्नावर पडला आणि तो उचलण्यासाठी प्रवासी भाडे आकारताना प्रत्यक्ष अंतरापेक्षा ४० टक्के अधिक अंतर धरण्यात आले. देशात इतरत्र नवे मार्ग सर्वांच्या पैशांतून होत असताना कोकणी माणसाने मात्र आपल्या मार्गाची किंमत तिकिटागणिक मोजली. दुसरीकडे रोख्यांवरचे व्याज करमुक्त होते. करमाफीचा लाभ ज्याचे उत्पन्न मोठे त्याला मोठा. ज्याला प्राप्तिकरच भरावा लागत नाही त्याला शून्य. म्हणजे मुंबईच्या सधन गुंतवणूकदाराला सवलत आणि गणपतीसाठी कणकवलीला, कुडाळला उतरणाऱ्या चाकरमान्याला अधिभार, असा हा हिशेब झाला. एवढे करूनही भार पेलला नाही. पुढे केंद्राला महामंडळाच्या कर्जाची पुनर्रचना करावी लागली, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली.

यातून निघणारा निष्कर्ष रोखे वाईट असा नाही. दंडवते आणि फर्नांडिस यांनी काढलेला मार्ग त्या परिस्थितीत योग्यच होता. निष्कर्ष असा की, कर्ज उभारण्याचा निर्णय जितका राजकीय असतो, तितकाच ते कोणी फेडावे हा निर्णयही राजकीय असतो. पहिल्या निर्णयासाठी कोकणात दीर्घकाळ चळवळ झाली; दुसरा निर्णय फारशा चर्चेवाचून होऊन गेला.

आज या प्रश्नाचे स्वरूप अधिक उग्र आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण ५०.६५ लाख कोटी रुपयांच्या खर्चापैकी १२.७६ लाख कोटी रुपये केवळ व्याजासाठी धरले होते. म्हणजे चार रुपयांतला एक. त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात महाराष्ट्रावरील कर्जाचा अंदाज सुमारे ९.३२ लाख कोटी रुपयांचा होता आणि महसुली तूट ४५ हजार कोटींहून अधिक होती. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च भागविण्यासाठी काढलेले कर्ज. मराठीत त्याला ‘ऋण काढून सण’ म्हणतात. हे व्याज ज्या करांतून दिले जाते, त्यांत मासळी विकून संसार चालविणाऱ्या बाईने साबणावर आणि काडेपेटीवर भरलेला करही असतो.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा उपदेश मात्र सरकारला सरसकट लागू करणे चूक आहे. शाळा, रुग्णालय, बंदर, धूपप्रतिबंधक बंधारा यांसाठी काढलेले कर्ज पुढील पिढीला बोजाबरोबर साधनही देते. कसोटी आहे ती काम टिकण्याची. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. पैसा कोणत्या खात्यातून आला हा प्रश्न गौण. नऊ महिनेही न टिकणाऱ्या कामांवर खर्च करणारी राज्यसंस्था तीस-चाळीस वर्षांचे कर्ज कोणत्या तोंडाने मागते, हा प्रश्न मुख्य आहे. समोरच समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला साडेतीनशेहून अधिक वर्षे लाटा झेलीत उभा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घेतली पाहिजेत. पहिले शिक्षणाचे. १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ योजनेत सामान्य नागरिकाला खाते उघडून दहा हजार रुपयांपासून थेट सरकारी रोखे घेता येतात. दामदुपटीच्या आमिषाने निवृत्त शिक्षक आणि गिरणी कामगार यांची पुंजी बुडत असताना ही माहिती गावोगाव पोहोचविणे हेही पक्षकार्यच आहे. दुसरे काम जाब विचारण्याचे. जिल्ह्यातील बँकांनी येथल्या ठेवींपैकी किती रक्कम येथेच कर्जाऊ दिली, राज्याच्या कर्जातून जिल्ह्यात कोणते टिकाऊ काम उभे राहिले, आणि त्याची फेड भाडेवाढीतून होणार की सधनांवरील करातून, हे प्रश्न ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत विचारले गेले पाहिजेत.

मालवणच्या माणसाला रेल्वे गाठण्यासाठी आजही कुडाळ किंवा कणकवलीला जावे लागते. त्या गाडीचे पैसे त्याने ठेवीदार म्हणून दिले, करदाता म्हणून दिले आणि प्रवासी म्हणून पुन्हा दिले. तीनदा पैसे मोजणाऱ्याला एकदा तरी हिशेब मागण्याचा अधिकार आहे. तो अधिकार त्याच्या हाती देणे, हेच समाजवादी चळवळीचे या विषयातील काम आहे.