तेजी बाजारात, दुर्गंधी घरात

शेअरबाजाराचा निर्देशांक चढला म्हणजे राष्ट्राची प्रकृती सुधारली, ही समजूत आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गात आता चांगलीच रुजली आहे. एके काळी दलाल स्ट्रीट म्हणजे सट्टेबाजांचा अड्डा असे मानणारी कुटुंबे आज तेथील चढउतारांवर आपल्या निवृत्तीचे बेत आखतात. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात देशातील डिमॅट खात्यांच्या संख्येने १० कोटींचा आकडा ओलांडला आणि पुढेही ती वाढतच गेली. बचतीला उद्योगाची वाट सापडली, ही इष्टच गोष्ट होय. तिच्याकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु याच वर्गाची सर्वांत मोठी ठेव बहुधा शेअरांत नसते, ती राहत्या घरात असते. आणि त्या घराच्या भिंती कशाच्या आहेत याची वार्ता कोणताही निर्देशांक देत नाही. बाजार किंमत सांगतो, गुणवत्तेची ग्वाही देत नाही. हा साधा भेद नजरेआड झाला म्हणजे काय ओढवते, याचा धडा अमेरिकेतील हजारो कुटुंबांना २००९ साली मिळाला. आपणही तो समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

त्या वर्षाचा आरंभ अमेरिकेत घोर निराशेत झाला होता. ऑक्टोबर २००७ मध्ये १४,१६४ वर पोचलेला डाऊ जोन्स निर्देशांक ९ मार्च २००९ रोजी ६,५४७ पर्यंत कोसळला. मात्र तेथून वारे फिरले. उन्हाळाभर भाव चढत राहिले आणि १४ ऑक्टोबरला निर्देशांकाने पुन्हा १०,००० ची पायरी ओलांडली. संकट टळले, असा सुस्कारा वॉल स्ट्रीटने टाकला. त्याच ऑक्टोबर महिन्यात त्या देशातील बेकारीचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले होते. बाजार उद्याच्या नफ्याचा अंदाज बांधतो आणि माणसांना आजचा दिवस काढावयाचा असतो. तेव्हा हे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच होते. जल्लोष मात्र पहिल्याचाच झाला.

या जल्लोषाच्या काळातच फ्लोरिडा, लुइझियाना, व्हर्जिनिया आदी राज्यांतील नव्याकोऱ्या घरांतून एक विलक्षण तक्रार ऐकू येऊ लागली होती. घरात कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटे. चांदीचे दागिने काळे पडत. वातानुकूलन यंत्रातील तांब्याची वेटोळी वर्षा-दोन वर्षांत निकामी होत आणि विजेच्या उघड्या तारांवर काजळी धरे. रहिवाशांना डोकेदुखी, खोकला, डोळ्यांची जळजळ यांचा त्रास होई. घराबाहेर पडले की कित्येकांना बरे वाटे. शोध घेता घेता दोषाचे मूळ भिंतींतच सापडले. तेथील घरांच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी वा पोलादी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून त्या उभ्या केल्या जातात. दोन जाड कागदांच्या मध्ये जिप्समचा थर, अशी या तक्त्यांची घडण असते. चीनमधून आणलेल्या काही तक्त्यांत गंधकाचा अंश होता, आणि उष्ण व दमट हवेत त्यांतून गंधकयुक्त वायू बाहेर पडत होते.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे पुढे चाळीसहून अधिक राज्यांतून सुमारे ४,००० कुटुंबांच्या तक्रारी आल्या. आयोगाने ५१ घरांची पाहणी करून नोव्हेंबर २००९ मध्ये हायड्रोजन सल्फाइड वायू आणि धातूंची झीज यांचा निकटचा संबंध दाखवून दिला. दुसऱ्या वर्षी इलाज सांगितला तो असा, की दोषी तक्ते सगळेच्या सगळे उखडून काढावेत. याचा व्यावहारिक अर्थ एकच: घराचा सांगाडा तेवढा शिल्लक ठेवून बाकीचे घर नव्याने बांधावयाचे.

हे तक्ते तेथे पोचले कसे, हा प्रश्न आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण त्याचे उत्तर पुन्हा तेजीपाशीच जाऊन पोचते. स्वस्त कर्जांच्या जोरावर घरबांधणीला उधाण आले होते. त्यातच २००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनी, विशेषतः कॅटरिनाने, आग्नेय किनाऱ्यावरील गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. देशी तक्ते पुरेनात, तेव्हा परदेशी तक्त्यांनी भरलेली जहाजे बंदरांना लागली. ज्याला त्याला घाई होती. बांधणाऱ्याला ताबा द्यावयाचा होता, बँकेला कर्ज वाटावयाचे होते, गुंतवणूकदाराला तिमाही नफा हवा होता. तक्ता किती भक्कम आहे, आगीपुढे किती टिकतो, याचे मापदंड होते. त्यातील गंधकाला मात्र मर्यादा घातलेली नव्हती. कित्येक तक्त्यांवर तर ‘चीनमध्ये तयार’ यापलीकडे कारखान्याचे नावही नव्हते. बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक शेअरचा मालक नोंदवहीत सापडतो. पण ज्या भिंतीच्या आडोशाला मुलेबाळे निजतात, तिचा कर्ता कोण हे सांगणारा कागद कोणाकडेच नव्हता.

मग भुर्दंड कोणी सोसला? विमा कंपन्यांनी पॉलिसीतील बारीक अक्षरांकडे बोट दाखवून बहुतेकांचे दावे फेटाळले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावरील कर्जाचे हप्ते चालूच राहिले, आणि दुसरीकडे बिऱ्हाड केले तर तेथील भाडे वेगळे. एका उत्पादकाने २०११ मध्ये तडजोड करून घरे दुरुस्त करून देण्याचे मान्य केले. दुसरा एक चिनी उत्पादक मात्र न्यू ऑर्लिन्सच्या न्यायालयापुढे हजरच झाला नाही. एप्रिल २०१० मध्ये व्हर्जिनियातील सात कुटुंबांना सुमारे २६ लाख डॉलर देण्याचा निकाल झाला तो त्याच्या गैरहजेरीत. त्याच्याविरुद्धच्या प्रकरणांतील २४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड मंजूर होण्यास जानेवारी २०२० उजाडावा लागला. इकडे डाऊ जोन्सने २००७ चे आपले शिखर मार्च २०१३ मध्येच पुन्हा सर केले होते. बाजाराची जखम चार वर्षांत भरून आली. घरांच्या जखमेचा निवाडा व्हावयास अकरा वर्षे लागली.

याचा दोष शेअरबाजाराच्या आशावादावर टाकणे अन्यायाचे होईल. मार्च २००९ मध्ये धीर धरून ज्यांनी शेअर घेतले, त्यांचा अंदाज खरा ठरला. बाजार खोटे बोलला नव्हता; भिंतीविषयीचा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता, आणि विचारला असता तरी त्याच्यापाशी उत्तर नव्हते. तसेच, ‘परदेशी माल तेवढा बंद करा’ ही सोपी घोषणाही या प्रकरणातून निघत नाही. २०१० च्या चाचण्यांत सर्वाधिक गंधकवायू सोडणारे दहाही नमुने चिनी निघाले, हे खरे. परंतु त्याच चाचण्यांत इतर काही चिनी तक्ते बव्हंशी निर्धोक आढळले, हेही तितकेच खरे. तेव्हा रोख मालाच्या देशावर न ठेवता, तपासणीवाचून आणि नावावाचून येणाऱ्या मालावर ठेवला पाहिजे. अमेरिकन काँग्रेसला उशिरा का होईना हे उमगले, आणि जानेवारी २०१३ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने तक्त्यावर उत्पादकाचे नाव व निर्मितीची तारीख सक्तीची केली आणि गंधकाला मर्यादा घालण्याची तजवीज केली.

आता आपल्याकडे पाहू. मुंबई-ठाणे-पुण्यात जुन्या चाळी व इमारती पाडून मनोरे उभे राहत आहेत. छतांना आणि अंतर्गत भिंतींना जिप्समचे तक्ते आता आपल्याकडेही सर्रास वापरले जातात. आपल्या किनारपट्टीची हवाही फ्लोरिडाइतकीच दमट आहे. कायद्याच्या बाबतीत आपण अगदीच उघड्यावर आहोत असे नव्हे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेले बांधकामाचे दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर केले पाहिजेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर आणखी पुढचे पाऊल टाकले आहे. उत्पादक अज्ञात असेल किंवा आपल्या कायद्याच्या कक्षेबाहेर असेल, तर सदोष मालाची जबाबदारी विक्रेत्यावर येते. विक्रेत्याच्या व्याख्येत आयातदार येतो, आणि घरे बांधून विकणाराही येतो. न्यू ऑर्लिन्सच्या न्यायालयाला जी अडचण वर्षानुवर्षे भेडसावत राहिली, तिच्यावरचा तोडगा आपल्या कायद्यात आधीच लिहिलेला आहे.

परंतु ज्याचा माल तो जबाबदार, हे तत्त्व अमलात यावयाचे तर माल कोणाचा हे आधी ठाऊक हवे. येथेच आपली व्यवस्था लंगडी पडते. करारनाम्यात फरशी कोणती, नळ कोणते, लिफ्ट कोणत्या बनावटीची, याचा तपशील असतो. भिंतीच्या पोटात काय भरले आहे, याविषयी मात्र बहुधा मौनच. जे डोळ्यांना दिसते आणि पुढे बदलताही येते त्याची नोंद ठेवावयाची, आणि जे दिसत नाही व उखडल्यावाचून बदलता येत नाही त्याची ठेवावयाची नाही, हा उफराटा न्याय झाला.

म्हणून आमची मागणी एकच आणि नेमकी आहे. इमारतीत वापरलेले सिमेंट, पोलाद, तक्ते, तारा, रसायने यांच्या उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव, निर्मितीची तारीख आणि चाचणीचा दाखला यांची एक साहित्यवही विकासकाने ठेवावी आणि ताबा देतेवेळी ती गृहनिर्माण संस्थेच्या स्वाधीन करावी. राज्य शासनाने व महारेराने हे बंधन भोगवटा प्रमाणपत्राशी जोडून द्यावे. यासाठी नवे खाते नको, की नवा कर नको. विकासकाच्या कोठारात येणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर हे कागद येऊ शकतात, ते जपून ठेवण्याची सक्ती तेवढी हवी.

तोपर्यंत घर घेणाऱ्यांनीही स्वस्थ बसू नये. शेअर घेण्यापूर्वी कंपनीचा ताळेबंद चाळणारा आपला वाचक आयुष्याची पुंजी घरात ओतताना नमुना सदनिकेतील रंगसंगती पाहून भुलतो, हे त्याच्या हिशेबी बुद्धीला शोभत नाही. करारावर सही करण्यापूर्वी त्याने विकासकाकडे ही साहित्यवही लेखी मागावी. दहा जणांनी मागितली तर विकासक हसेल. शंभरांनी मागितली तर ती त्याला ठेवावीच लागेल.