पायडलाखालची कटकट ऐका



बैलगाडीच्या चाकाचा आवाज बदलला, की जाणता गाडीवान गाडी थांबवून आधी खीळ बघतो. सायकलीच्या बाबतीत मात्र आपण 'वाजतेय, वाजू दे' म्हणतो. हे बरे नव्हे.

ताथवडे गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. शिवारात इमारती उठल्या, पण सायकल घरात आहेच. मुले शाळेला, कामकरी माणसे कारखान्याला महामार्गाच्या कडेने सायकलीवर जातात. मागून अवजड गाड्या येत असतात. अशा ठिकाणी उभे राहून पायडल मारताना पुढचे दातेरी चाक सरकले, साखळी उतरली, तर तोल जातो. मग काय होईल ते सांगायला नको.

गिअरच्या बऱ्याच सायकलींना हे दातेरी चाक चार किंवा पाच लहान बोल्टांनी धरलेले असते. पायाचा सगळा जोर या बोल्टांतूनच साखळीला मिळतो. एक सैल झाला, की त्याचा भार बाकीच्यांवर पडतो आणि तेही सैल होतात. पायडलाच्या दर फेऱ्याला एकदा 'कट्' वाजले आणि पाय थांबवताच आवाज थांबला, तर आधी हे बोल्ट तपासा. तोच आवाज पायडलाचा किंवा मधल्या बेअरिंगचाही असू शकतो.

बोल्टाच्या तोंडाला सहा कोनी भोक असते. त्याला बहुधा ५ मिलिमीटरचा एलन पाना लागतो. मागे नळीसारखा नट असतो, त्याला खाच असते. नट सोबत फिरू लागला, तर खाचेत रुंद पेचकस धरा. झिजलेला बोल्ट दुकानात नमुना म्हणून न्या, कारण एका चाकाची नळी आखूड आणि दोन चाकांची लांब असते. एक खराब झाला असेल, तरी सगळा संच बदललेला बरा.

जागा रॉकेलने किंवा डिझेलने पुसून घ्या. आट्यांना थोडे ग्रीस लावा. आधी सगळे बोल्ट हातानेच बसवा. मग एक सोडून एक, असे थोडे थोडे आवळा. ओळीने आवळले, तर चाक तिरके बसते. पान्याला पाइप लावून जोर करू नका, बोल्ट तुटेल. चाळीस-पन्नास किलोमीटर झाले, की पुन्हा एकदा आवळून पाहा.

चाकाची भोकेच लांबट झाली असतील, तर नवे बोल्ट टिकणार नाहीत. चाक बदला. काही स्वस्त सायकलींना बोल्टऐवजी रिबिटा असतात. तिथे अख्खा जोडच बदलावा लागतो. तारेने बांधून काम भागवू नका.

आणि घरातली जुनी काळी सायकल? तिला हे बोल्ट नसतात. तिचे दुखणे कॉटरपिनचे. पायडलाचा दांडा हलू लागला, की पिन झिजली समजा. नुसता नट आवळून भागत नाही. दांड्याला खालून भक्कम टेकू देऊन पिन ठोकून बसवावी, मगच नट आवळावा.

तेव्हा येत्या रविवारी पोरांना सोबत घ्या, सायकल उलटी ठेवा आणि एकेक बोल्ट तपासा. दहा मिनिटांचे काम आहे. मुलींच्या हातीही पाना द्या. वाटेत सायकल वाजू लागली, तर त्यांना कुणाची वाट पाहावी लागणार नाही.