जपानी चित्रे आणि मराठी कान

अमरावतीच्या राजापेठेत काय किंवा अकोल्याच्या जठारपेठेत काय, महाविद्यालयीन मुलामुलींच्या घोळक्यात हल्ली एक वाद वारंवार ऐकू येतो. 'ॲनिमे' या नावाने जगभर ओळखले जाणारे जपानी चित्रपट आणि मालिका मूळ जपानी आवाजात, पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या ओळी वाचत पाहाव्यात, की हिंदी आवाज चढवलेल्या आवृत्तीत पाहाव्यात? पहिल्या पक्षाला दुसऱ्याची आवड उथळ वाटते. दुसऱ्याला पहिल्याचा आग्रह मिरवण्यासाठी आहे असे वाटते. १२ सप्टेंबर २०२५ रोजी 'डेमन स्लेयर' या कथामालेतील 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट भारतात जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा पाच भाषांत प्रदर्शित झाला, तेव्हा या वादाला नवे उधाण आले. वडीलधाऱ्यांना हा सारा पोरखेळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु परक्याचे बोलणे आपल्या माणसांपर्यंत कसे पोहोचवावे, हा त्यामागील प्रश्न पोरखेळाचा नाही. वऱ्हाडच्या भूमीला तर तो सातशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे.

ही आवड काल-परवा आलेली नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागत असे, तेव्हा गल्ल्या ओस पडत. ती मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने निर्मिलेली होती, हे पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. तिचे शीर्षकगीत गुलजारांचे, आणि शेरखानाची डरकाळी नाना पाटेकरांची. पुढे २००५ पासून डोरेमॉन हिंदीतून बोलू लागला, त्यामागोमाग शिनचॅन आला, आणि घराघरांतील मुले नोबिता-शिझुका यांना शेजारची मुले मानू लागली. आज शाळेत शिकवणारे तरुण शिक्षक आणि कचेरीत काम करणारे तरुण कारकून याच पिढीचे आहेत. आपले बालपण एका जपानी कारखान्यात रंगवले गेले आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात बोलके झाले, हे त्यांना मोठेपणी कळले. या अर्थाने हिंदी डबिंगचे ऋण मोठे आहे; ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तरीही मूळ आवाजाचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. जपानमध्ये चित्रांना आवाज देणे हा स्वतंत्र आणि प्रतिष्ठेचा व्यवसाय आहे. नोबुयो ओयामा यांनी १९७९ ते २००५ या काळात डोरेमॉनला आवाज दिला. एखादे पात्र म्हणजेच तो आवाज, असे समीकरण तेथे जनमानसात रुजते. तो काढून घेतला की पात्राचे अर्धे व्यक्तिमत्त्व गळून पडते. शिवाय आवाज बदलणाऱ्याच्या हाती अर्थ बदलण्याची सत्ता आपोआप येते, आणि प्रेक्षकाला त्याचा सुगावाही लागत नाही. फॅसिस्ट इटलीने आणि १९४१ नंतर फ्रँकोच्या स्पेनने परदेशी चित्रपटांना स्वभाषेतील डबिंगची सक्ती केली, ती केवळ भाषाप्रेमापोटी नव्हे. संवादांवर देखरेख ठेवणे त्यामुळे सोपे होई. 'मोगॅम्बो' या अमेरिकन चित्रपटातील विवाहितेचे परपुरुषावरील प्रेम स्पॅनिश नियंत्रकांना खपेना, म्हणून त्यांनी संवादांतून पतिपत्नीला बहीणभाऊ करून टाकले. पाप झाकण्याच्या भरात त्याहून भयंकर पापाची शंका प्रेक्षकांच्या मनात उभी राहिली! 'पोकेमॉन'च्या अमेरिकन आवृत्तीत मुले हातात धरतात तो भाताचा गोळा. तोंडाने त्याला म्हणतात 'डोनट'. खालची ओळही चुकू शकते, नाही असे नाही. पण तेथे मूळ आवाज साक्षीदार म्हणून जागेवर हजर असतो. डबिंगमध्ये साक्षीदारालाच बाहेर काढलेले असते.

मात्र मूळ आवाजाची महती सांगताना एक गोष्ट विसरली जाते. चित्राला स्वतःचा आवाज नसतो. जपानमध्येही बहुधा चित्रे आधी तयार होतात आणि आवाज नंतर चढवला जातो. हाडामांसाच्या नटाच्या ओठांवर परका आवाज ठेवणे आणि रंगवलेल्या ओठांवर दुसऱ्या भाषेतील आवाज ठेवणे यांत म्हणूनच मोठे अंतर आहे. शिवाय खालच्या ओळीचीही एक किंमत द्यावी लागते. साधारणतः दोन ओळींचा मजकूर, तोही काही सेकंदांपुरताच टिकणारा. त्यात संवादाचा गाभा मावतो, लकब गळते. डोळा खाली अक्षरांवर असतो तेव्हा वरचे चित्र निसटते, आणि ज्या कलेचा प्राणच चित्र आहे तिच्या बाबतीत हे नुकसान लहान नाही. ज्या मुलाला अद्याप सरसर वाचता येत नाही, त्याच्यासाठी तर त्या ओळी म्हणजे बंद दरवाजाच. नेदरलँड्स आणि स्कँडिनेव्हियातील देश मोठ्यांचे परदेशी कार्यक्रम खालच्या ओळींसह दाखवतात. परंतु लहान मुलांसाठी तेही स्वभाषेतील आवाजच वापरतात. यात तत्त्वाचा प्रश्न नाही, वयाचा आहे.

आपल्याकडेही मूकपटांच्या काळात हाच पेच होता. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला, तेव्हा पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत आणि ज्यांना वाचता येई ते शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवत. उलटपक्षी, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी अक्षर हाच आवाज आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दूरचित्रवाणीवरील ती सोय हक्काच्या पदरात घातली आहे. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी दूरदर्शनवरील चित्रगीतांच्या खाली त्याच भाषेतील शब्द दाखवण्याचा जो प्रयोग चालवला, त्यातून दिसले ते असे की, करमणुकीसाठी डोळ्यांखालून जाणारी अक्षरेही हळूहळू वाचनाला वळण लावतात. शिक्षकांनी या गोष्टीची नोंद घ्यावी.

असा दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला की लक्षात येते, वाद चालला आहे तो अर्ध्याच प्रश्नावर. अक्षर की आवाज, हे विचारले जाते. कोणत्या भाषेचे अक्षर आणि कोणत्या भाषेचा आवाज, हे विचारले जात नाही. अमरावती-अकोल्याच्या मुलापुढे आज प्रत्यक्षात जे दोन पर्याय बहुधा येतात ते म्हणजे इंग्रजी अक्षरे आणि हिंदी आवाज. मराठी या पंक्तीत बसलेलीच नाही. 'इन्फिनिटी कॅसल'च्या पाच भाषांत ती नव्हती. जपानी आणि भारतीय कलावंतांनी मिळून घडवलेला युगो साको यांचा रामायणपट २४ जानेवारी २०२५ रोजी पुन्हा चित्रपटगृहांत आला, तोही हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत. परिणामी आवडीनिवडीचा म्हणून जो वाद दिसतो, तो पुष्कळदा शाळेच्या माध्यमाचा वाद असतो. इंग्रजी शाळेत शिकलेला मुलगा खालच्या ओळी सहज वाचतो आणि मूळ आवाजाचा रसिक ठरतो. दर्यापूर किंवा बाळापूरच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला त्या ओळी धावत्या गाडीच्या पाट्यांसारख्या वाटतात, म्हणून तो हिंदीकडे वळतो आणि अरसिक ठरतो. रसिकतेचे हे माप अन्यायाचे आहे.

यावर एक उत्तर ठरलेले आहे: वऱ्हाडातील माणसाला हिंदी येतेच, मग मराठीचा खर्च कशाला? मध्य प्रांत आणि वऱ्हाड अशा जोडनावाने हा प्रदेश दीर्घकाळ नांदला. हिंदी येथे परकी नाही. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी मराठीइतक्याच सहजतेने हिंदीत भजने रचली, आणि १९५५ साली विश्वशांतीच्या परिषदेसाठी ते जपानलाही जाऊन आले. तेव्हा हिंदीचा दुस्वास करण्याचे कारण नाही. परंतु दुसरी भाषा कळते म्हणून पहिलीची गरज संपते, हा न्याय विचित्र आहे. प्रभात कंपनीने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' काढला तेव्हा एका भाषेत तयार झालेल्या चित्रपटावर दुसरीचा आवाज चढवण्याची सोय हाताशी नव्हती. त्यांनी मराठीत एकदा आणि हिंदीत एकदा असा तो वेगवेगळा चित्रित केला. मराठी प्रेक्षक हिंदी समजून घेईल, असे म्हणून ते थांबले नाहीत. आज यंत्रे स्वस्त झाली आणि उमेद महाग झाली, असे म्हणायचे काय?

शिवाय जपानीला मराठीत आणणे हे इंग्रजीत आणण्यापेक्षा काही बाबतींत अधिक सोयीचे आहे. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, मराठीतही येते. 'मी तुला सोडून जाणार' इथवर श्वास रोखून धरावा आणि 'नाही' शेवटी यावे, ही खुबी दोन्ही भाषांना साधते. इंग्रजी ओळीत तो नकार आधीच येऊन बसतो; नट बोलायच्या आत प्रेक्षकाला निकाल कळतो. जपानी भावंडे थोरल्या भावाला नावाने हाक मारत नाहीत, नात्याने मारतात. इंग्रजी ओळीत तेथे बहुधा नावच लिहिले जाते. मराठीत 'दादा' हा शब्द तयारच आहे. तू, तुम्ही आणि आपण यांतील पायऱ्या आपल्याला शिकवाव्या लागत नाहीत. हिंदीलाही हे सारे जमते, म्हणून तर ती आवृत्ती आपलीशी वाटते. मग मराठीला का जमू नये? डोरेमॉनचा आवडता खाऊ हिंदीत 'डोराकेक' झाला. मूळ दोरायाकी म्हणजे दोन मऊ धिरड्यांमध्ये भरलेले लाल चवळीसारख्या कडधान्याचे शिजवून गोड केलेले सारण. पुरण ज्याने खाल्ले आहे, त्या मराठी मुलाला हे एका शब्दात कळेल. 'केक' या शब्दाने त्याला काहीच कळत नाही.

मराठी वाचक जपानी बालपणाला अनोळखीही नाही. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' मराठीत आले आणि अनेक शिक्षकांनी ते उराशी धरले. त्याच पुस्तकावर २०२३ च्या डिसेंबरात जपानमध्ये चित्रपट निघाला. तो काढणारी संस्था डोरेमॉनच्या मालिकेचीच. जे पुस्तक मराठी शिक्षकाने मराठीत वाचले, त्याचा चित्रपट त्याच्या विद्यार्थ्यांनी मराठीत पाहावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

येथे रिद्धपूरची आठवण अपरिहार्य आहे. अमरावती जिल्ह्यातील या गावी तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. चक्रधरस्वामी जे बोलले ते जसेच्या तसे मिळावे म्हणून त्यांनी माणसे गाठून, विचारून, पडताळून आठवणी जमवल्या. मूळ वाणीविषयी इतका आदर! आणि त्याच परंपरेत नागदेवाचार्यांनी केसोबासांना संस्कृतात ग्रंथरचना करण्यापासून परावृत्त केले, कारण पंथातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. मूळ शब्दाशी इमान आणि शेवटच्या श्रोत्याची काळजी, या दोन निष्ठा रिद्धपुरात एकमेकींच्या वैरी नव्हत्या. पुढे गाडगेबाबांनी वऱ्हाडी बोलीत कीर्तन केले, तेही शेवटच्या माणसाला समजावे म्हणूनच.

आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आहे. अभिजातपणाचे सोहळे झाले. आता रोजचे काम हवे. चित्रपटांचे संवाद भाषांतरित करणे, ओळी मोजून-मापून लिहिणे, ओठांच्या हालचालीला जुळणारे शब्द शोधणे, ही विद्या शिकवता येण्याजोगी आहे आणि पोट भरण्याजोगीही. पुण्यात जपानी शिकण्या-शिकवण्याची परंपरा जुनी आहे. तेथील जाणकार आणि रिद्धपूरचे विद्यार्थी एकत्र आले तर इंग्रजीचा वळसा न घेता काम होऊ शकेल. आरंभ खर्चाच्या दृष्टीने हलक्या कामापासून, म्हणजे मराठी ओळींपासून करावा. लहानांच्या चित्रांना मात्र मराठी आवाजच हवा, आणि त्या आवाजात एखादे पात्र अस्सल वऱ्हाडी बोलले तर कोणाचे काही बिघडणार नाही. वितरकांना मागणी दिसल्याशिवाय हे घडणार नाही, हेही खरे; ती मागणी शाळा, ग्रंथालये आणि प्रेक्षकांनीच नोंदवायची आहे.

तोवर निवड कशी करावी? लहान मुलांना त्यांना कळेल त्या आवाजात पाहू द्यावे. ज्याला ओळी वाचता येतात त्याने एकदा मूळ आवाज अवश्य ऐकावा; माणसे आपल्याला न कळणाऱ्या भाषेतही तशीच रडतात, हे त्यातून कळते. आणि जो हिंदीत पाहतो त्याला कोणी हिणवू नये. राजापेठेतला तो वाद अवश्य चालू राहावा. त्यात तिसऱ्या खुर्चीवर मराठीला बसवावे, एवढेच मागणे आहे.