‘छान झालंय’ एवढ्यावर सोडू नका

स्वतः रचलेले गाणे मोबाइलवर रेकॉर्ड करून कुणाला ऐकवले की दोनच उत्तरे मिळतात. घरचे म्हणतात, ‘छान झालंय!’ बॅरेकमधली मुले हसतात. माझ्या मते दोन्ही उत्तरे सारखीच निरुपयोगी आहेत. पुढच्या वेळी काय बदलायचे, हे दोन्हींतून कळत नाही.

परेड ग्राउंडवर असे चालत नाही. ‘तिसरी रांग, डावा हात खांद्यापर्यंत येत नाही,’ असे उस्ताद नेमके सांगतात, म्हणून हात वर येतो. मग गाण्यालाच वेगळा न्याय का?

वडिलांच्या बदलीमुळे माझे घर सध्या तंजावरला आहे. तिथल्या मैफलीत श्रोते मांडीवर ताल धरतात. आदितालाच्या आठ मात्रा टाळीने आणि बोटांनी मोजतात. गायकाची लय ढळली तर ती आधी त्या हातांना कळते. याच गावी दुसऱ्या सरफोजी राजांच्या दरबारात (१७९८ ते १८३२) चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आजही भरतनाट्यम त्यांनी घालून दिलेल्या क्रमाने सादर होते. असे कलावंतसुद्धा मुथुस्वामी दीक्षितांपुढे शिष्य म्हणून बसले होते.

आमच्या हाऊसमधल्या तिघांचे मराठी गाणे मी सुटीत शेजारच्या आजोबांना ऐकवले. ते मृदंगम शिकवतात, मराठी त्यांना येत नाही. एकदाच ऐकून म्हणाले, “पुढे पुढे पळतंय.” मी घड्याळ लावले. पहिले कडवे ४१ सेकंद, शेवटचे ३५. ओळी तेवढ्याच! ढोलकीवाल्या मित्राला हे सांगितले, तर तो रागावला नाही. आता तो घड्याळ समोर ठेवून सराव करतो. त्याच गाण्यातला आठवीतला गायक मात्र बॅरेकमधल्या हशानंतर गायलाच नाही. त्याचा सूर कुठे उतरतो, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

मुलांना आधी कौतुक हवे, असे पालक म्हणतील. हवेच. पण आवडलेली ओळ कोणती, हे सांगितले तरच ऐकणाऱ्याने खरेच ऐकले, याची खात्री पटते.

म्हणून ऐकणाऱ्यांना विनंती: आवडलेली एक ओळ सांगा आणि खटकलेली एक जागा दाखवा. गाणाऱ्यांनीही ‘कसे झाले?’ असे मोघम विचारू नये. ‘लय कुठे ढळली?’ असे विचारावे. आणि आठवीतल्या त्या मित्राला कुणीतरी पुन्हा गायला सांगावे. या वेळी हसण्याआधी पूर्ण ऐकावे.