कुष्ठाचे शेत आणि आपली मागणी

काष्ठौषधींच्या व्यापाऱ्याकडे मागणी नोंदविताना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो : भाव काय आणि माल केव्हा पोहोचेल. कुष्ठाच्या बाबतीत तरी तिसरा प्रश्न विचारला गेला पाहिजे, असे आमचे मत आहे. हे मूळ कोणत्या शेतातले आणि किती वर्षांचे, हा तो प्रश्न होय. तो विचारल्यास पुष्कळदा समोरून उत्तर मिळत नाही. उत्तर न देता आलेला मालही आपण गोदामात उतरवून घेतो आणि त्यावर आपली मुद्रा उमटवून तो रुग्णाच्या हाती देतो. या व्यवहाराविषयी वैद्यबंधु-भगिनी आणि औषधीनिर्माते यांच्याशी स्पष्ट बोलावे, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

कुष्ठ, म्हणजेच बाजारातील कोष्ठ किंवा उपलेट, ही शेवंती, झेंडू आणि भृंगराज यांच्याच कुळातील बहुवर्षायु वनस्पती. शास्त्रीय नाव सॉस्युरिया कॉस्टस. शेवंतीचे कुळ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो फुलोरा येतो, तसा मात्र हिचा नाही. पुरुषभर उंचीच्या दांड्यावर निळसर जांभळी, जवळजवळ काळपट दिसणारी, कठीण मुंडकी गुच्छाने येतात. त्यांना बाहेरची पाकळ्यांची झालर नसते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते फूल पाहिलेले नसते आणि त्यात नवल नाही. आपल्याकडे येते ते केवळ सुकलेले मूळ.

हे मूळ दूरवरून यावे लागते, ही गोष्ट आजची नव्हे. अथर्ववेदातील कुष्ठसूक्तांत ही वनस्पती उत्तरेस हिमवंतावर जन्मलेली आणि पूर्वेकडील लोकांकडे नेली जाणारी अशी वर्णिली आहे. तक्म्याचा, म्हणजे ज्वराचा, नाश करणारी म्हणून तिची स्तुती आहे. चरकाचार्यांनी लेखनीय, शुक्रशोधन आणि आस्थापनोपग अशा तीन महाकषायांत तिला स्थान दिले. सुश्रुतांच्या एलादि गणात ती आहे. दशांग लेप असो, महामंजिष्ठादि काढा असो वा महानारायण तेल, कुष्ठावाचून पाठ पुरा होत नाही. इतके नित्याचे द्रव्य असूनही त्याच्या उगमाविषयी आपण इतके उदासीन कसे, याचे आम्हांस वारंवार आश्चर्य वाटते.

काश्मीरच्या किशनगंगा खोऱ्यापासून चिनाबच्या वरच्या खोऱ्यांपर्यंत, सुमारे २५०० ते ३५०० मीटर उंचीवर, हे तिचे मूळ घर. आवळा किंवा हिरडा वेचला तरी झाड उभे राहते. कुष्ठाचे तसे नाही. मूळ काढणे म्हणजे वनस्पती संपविणे. आणि बी धरण्यापूर्वीच खणले तर पुढची पिढीही संपविणे. चीनमधील मागणी, धूपद्रव्यांचा व्यापार, लोकरी शालींना कसर लागू नये म्हणून होणारा वापर आणि अर्थातच आपली औषधे, या सर्वांसाठी दीर्घकाळ खणाखण झाली. परिणामी दुर्मीळ जीवजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला साइटिस म्हणतात, १९७५ साली कुष्ठ दुसऱ्या परिशिष्टात आणि १९८५ साली पहिल्या परिशिष्टात गेले. पहिले परिशिष्ट म्हणजे वाघाच्या पंक्तीचे स्थान. आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या सहाव्या अनुसूचीत ते होते. २०२२ सालची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आल्यावर ते तिसऱ्या अनुसूचीत आले आहे. अनुसूचीचा क्रमांक बदलला, बंधन उठले नाही. जंगलातून ते उपटण्यास मनाई आहे, तर लागवडीस आणि व्यापारास परवाना लागतो. कित्येक जुन्या मागणीपत्रकांवर व करारनाम्यांवर अद्याप सहावी अनुसूचीच छापलेली असते, म्हणून हा उल्लेख.

तेव्हा आज कुष्ठ औषधात वापरायचे, तर ते शेतातले हवे. त्याला दुसरा पर्याय नाही. आणि भारतात या शेतीचे नाव निघाले की लाहौलचे नाव निघते. हिमाचल प्रदेशातील या प्रदेशात चंद्रा आणि भागा या दोन नद्या तांदी येथे मिळतात आणि तेथून पुढे चंद्रभागा वाहते. (नाव ऐकून मराठी माणसाचे मन पंढरीस गेले नाही तरच नवल, पण पुढे चिनाब होते ती ही चंद्रभागा.) पाऊस अल्प, हिम विपुल, आणि शेताला पाणी मिळते ते वितळलेल्या हिमाचे, डोंगरातून काढलेल्या कूल्हांतून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे कुष्ठाची लागवड रुजली आणि चांगल्या भावाच्या काळात तिने अनेक घरांना हात दिला. पुढे निर्यातीची वाट आकसली, भाव कोसळले आणि बटाटा व वाटाणा यांनी शेते घेतली. राहिली ती बांधाबांधाने, तुकड्या-तुकड्याने.

हे पीक कसे वाढते, हे आपण समजून घेतल्यावाचून भावाची चर्चा व्यर्थ आहे. बी ताजे हवे. जुन्या बियांची उगवण झपाट्याने कमी होते. पेरणी हिमापूर्वी शरदात करतात, म्हणजे बी थंडी खाऊन वसंतात उगवते, किंवा हिम वितळल्यावर करतात. माती खोल, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी आणि शेणखताने पोसलेली असावी. कारण उथळ वा कठीण जमिनीत मूळ फाटे फोडते आणि असे मूळ बाजारात कमी प्रतीचे ठरते. पाणी साचले तर ते कुजते. पहिल्या वर्षी रोपाला जमिनीलगत मोठ्या पानांचा पसारा तेवढा येतो, दांडा उभा राहत नाही. या वर्षी तण काढण्यात हयगय झाली तर पुढे भरून निघत नाही. हिवाळ्यात वरचा भाग मरून जातो, हिमाखाली मुळाचा माथा जिवंत राहतो आणि वसंतात पुन्हा पालवतो. फुले साधारणतः दुसऱ्या वर्षापासून, आषाढ-श्रावणात. बी पिकून तपकिरी केसांसह उडून जाण्याआधी मुंडकी काढून घ्यावी लागतात. आणि मूळ? ते तिसऱ्या वर्षाच्या शरदात, पाने सुकू लागल्यावर. खणून, माती झाडून, बोट-दोन बोटांचे तुकडे करून ते नीट वाळवायचे. घाईने भरलेले ओलसर मूळ पोत्यात बुरशी धरते आणि त्याचा गंध जातो. कुष्ठाचा गंध गेला म्हणजे काय उरले, हे वैद्यांना सांगणे नको.

या हिशोबात शेतकऱ्याची खरी अडचण दिसते. एक शेत तीन वर्षे अडकून पडते. त्याच शेतात दर वर्षी वाटाणा, फुलकोबी वा बटाटा घेऊन रोकड मिळते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांग खिंडीतील हिमामुळे महिनोन्महिने तुटणारे हे खोरे बारमाही मार्गाने जोडले गेले. लाहौलच्या लोकांसाठी ही मोठीच सोय, तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु ताजी भाजी वेगाने बाजारात पोहोचू लागली की तीन वर्षे जमिनीत राहणारे पीक कोण लावील ? शेतकरी त्यात भावनेने राहणार नाही, त्याने राहावे असे म्हणण्याचा आपल्याला अधिकारही नाही. कमी भावाचा आग्रह धरून आपण त्याला दोनच वाटा ठेवतो : पीक सोडून द्यावे, किंवा दुसऱ्याच वर्षी कोवळे मूळ खणून टाकावे. दुसरी वाट अधिक घातक, कारण त्यात बियाण्यासाठी राखायची रोपेही जातात.

चीनच्या युनान प्रांतात कुष्ठाची मोठी लागवड आहे, तेव्हा काळजी कसली, असे काही बंधू म्हणतात. जगातून कुष्ठ नाहीसे होणार नाही, हे खरे. पण जे द्रव्य वेदकाळापासून या हिमालयातून खाली येत आले, ते आपल्याच देशात परदेशी माल म्हणून विकत घ्यावे, यात आम्हांस तरी समाधान वाटत नाही. शिवाय निर्यातीची इच्छा असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, लागवडीच्या मालाला आंतरराष्ट्रीय करारात काहीशी सोपी वाट आहे, मात्र तो लागवडीचाच आहे हे कागदाने सिद्ध करावे लागते. कागद नसेल तर शेतातले मूळ आणि चोरून खणलेले मूळ यांत कायद्याला भेद दिसत नाही.

आता भेसळीविषयी. टंचाई आली की पुष्करमूळ कुष्ठात मिसळते. तेही शेवंतीकुळातले, बहुवर्षायु, पिवळ्या फुलांचे. लाहौलमध्येच ‘मनु’ या नावाने लावले जाते. तुकडे केल्यावर वरवर पाहणाऱ्यास फसविण्याइतके सारखे. यावर हटकून भावप्रकाशाचा दाखला दिला जातो. पण तो दाखला नीट वाचावा. पुष्करमुळाच्या अभावी कुष्ठ घ्यावे, असे तेथे आहे. कुष्ठाच्या जागी पुष्करमूळ घ्यावे, असे नाही. आणि प्रतिनिधी द्रव्य योजण्याचा अधिकार रोगी पाहणाऱ्या वैद्याचा आहे, पोते शिवणाऱ्याचा नव्हे. पुष्करमुळातील अ‍ॅलँटोलॅक्टोन आणि कुष्ठातील कॉस्ट्युनोलाइड ही घटकद्रव्ये थर-वर्णलेखन परीक्षेत वेगळी ओळखता येतात. ही परीक्षा आज कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते, तेव्हा सबब सांगण्यास जागा नाही.

नावांचा घोळ तर आणखी निराळा. आपल्याकडे कोष्ठकोळिंजन म्हणतात ते कोळिंजन, आल्याच्या कुळातले. त्याचा कुष्ठाशी नावापुरता संबंध. कॉस्टस या लॅटिन नावामुळे कोकणातल्या पावसात पांढरी फुले मिरविणाऱ्या पेव्यालाही कोणी कुष्ठ समजतात. एका औषधी उद्यानात पेव्याच्या वाफ्यावर ‘कुष्ठ’ अशी पाटी आम्ही पाहिली आहे. विद्यार्थी तीच पाटी पाहून शिकतात. पेवा सुंदर आहे, दमट हवेत सुखाने वाढतो. कुष्ठ आपल्याकडे वाढत नाही, त्याला हिमाची झोप लागते. पाटी बदलणे हा पाच मिनिटांचा उद्योग आहे आणि तो पुढच्या वर्गाचा प्रवेश होण्याआधी व्हावा.

मोठ्या निर्मात्यांचे खरेदी विभाग काय करतात ते करोत. आमचे म्हणणे मध्यम व लहान औषधीनिर्मात्यांशी आहे, ज्यांची वर्षाची गरज दहा किंवा पन्नास किलोंची असते. एवढ्या मागणीसाठी लाहौलचा शेतकरी कोणाचे ऐकणार, ही त्यांची तक्रार रास्त आहे. पण पन्नास निर्मात्यांची मागणी एकत्र केली तर ती एका गावाच्या कामाची होते. जिल्हा शाखांनी आपापल्या सभासदांची कुष्ठाची वार्षिक गरज लेखी मागवावी. ती एकत्र करून उत्पादक शेतकऱ्यांच्या गटाशी तीन वर्षांचा करार करावा, पेरणीच्या वेळी काही रक्कम आगाऊ द्यावी आणि उरलेली मूळ हाती आल्यावर. करारात गावाचे नाव, पेरणीचे वर्ष, लागवडीच्या परवान्याची प्रत आणि बियाण्यासाठी राखलेल्या ओळींचा उल्लेख असावा. भाव आजच्यापेक्षा चढा पडेल, हे उघड आहे. दशांग लेपाच्या एका डबीत कुष्ठाचा वाटा किती आणि त्यामुळे डबीची किंमत किती वाढेल, हे प्रत्येकाने स्वतः कागदावर मांडून पाहावे. वाढ भयंकर वाटते ती बहुधा न मांडल्यामुळे.

वैद्यांकडेही एक काम आहे. आपण ज्यांचे तेल वा लेप लिहून देतो, त्यांना कुष्ठाच्या उगमाविषयी एक पत्र टाकावे. उत्तर आले तर ते शाखेकडे पाठवावे, न आले तर तेही कळवावे.

लाहौलमध्ये मुळे खणण्यास आश्विनात प्रारंभ होतो आणि नवी पेरणी त्यापाठोपाठ, हिमापूर्वी होते. म्हणजे सभासदांच्या गरजेचे आकडे श्रावणअखेर शाखांकडे पोहोचले, तरच या वर्षीच्या पेरणीत आपला वाटा असू शकेल.