कोथिंबिरीचें यंत्र

मेजावर पेटीएवढें एक यंत्र मांडावें, त्यांत पाणी व क्षार ओतावे, बीं भरलेल्या कुप्या बसवाव्या आणि तांबड्या-निळ्या दिव्यांखालीं कोथिंबीर उगवण्याची वाट पाहावी, असा उद्योग सांप्रत सुशिक्षित घरांत शिरूं लागला आहे. मातीवांचून रोपें वाढविण्याची विद्या खोटी नव्हे. जर्मन शास्त्रज्ञ साक्स यानें १८६० च्या सुमारासच ती सिद्ध केली. ज्या देशांत हिवाळ्यांत सूर्यदर्शन दुर्मिळ, तेथें, किंवा मुंबईच्या एखाद्या अंधाऱ्या खोलींत, हें यंत्र शोभेलही.

परंतु रहिमतपुरांत? कमंडलूच्या कांठच्या या गांवीं वर्षांतून आठ महिने ऊन अंगणांत फुकट सांडतें. तेथें रोज चौदा-सोळा तास दिवे जाळून चिमूटभर कोथिंबीर काढणें याला सुधारणा कोण म्हणेल? धने पाट्यावर हलकेच रगडावे, एकाचे दोन होतात, आणि फुटक्या कुंडींत टाकले तरी आठ-दहा दिवसांत अंकुर दिसूं लागतात. आल्याचें तर बोलावयासच नको. हा प्रदेशच सातारी आल्याचा!

यंत्र आपण होऊन पाणी देतें, दिवा लावतें, मालवतें, असें त्याचें समर्थन करतात. आमचा आक्षेप नेमका तोच आहे. तें माणसाला शिकवीत कांहींच नाहीं. कुपी संपली कीं पुन्हा दुकानदाराच्या दारीं! अकोले तालुक्यांतील राहीबाई पोपेरे यांना २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली, ती गांवठी बीं राखल्याबद्दल. आणि आम्ही तेंच बीं कुपींत घालून विकत घेतों. पेटीच्या घरांतील मुलाच्या हातीं चार धने देऊन पाहावे. तो ते अखंडच पुरील, आणि उगवावयास उशीर झाला कीं दिव्याचें बटण शोधील.